लेट फी भरलेलं पाकीट

सांगली
९ जानेवारी २०२५

आदरणीय नाथाजीराव,

जय जिनेंद्र. उभे असाल तर आधी खाली बसा. राहीबाई वहिनींना पाण्याचा तांब्या आणून ठेवायला सांगा, आणि मगच पुढची ओळ वाचा.

मला डाकडब्याचं पाकीट सापडलंय! बंद! न फोडलेलं! आणि तेही माझ्या स्वतःच्या घरात!

अहो, मी पंचवीस वर्षं रेल्वेच्या शिक्क्यांपायी मिरजेपासून पुण्यापर्यंतच्या सगळ्या रद्दीवाल्यांचे उंबरे झिजवले. आणि इकडे काखेत कळसा! झालं असं की आमच्या हळदीच्या दुकानातला सासऱ्यांच्या वेळचा लाकडी गल्ला आमच्या मुलानं, भरतेशनं, मोडीत काढला. सुतारानं खालची फळी उचकटली तर तिच्याखाली आणखी एक फळी, आणि दोहोंच्या मध्ये हे पाकीट. सुतार म्हणाला, "काकू, पैसं न्हाईत, कागद हाय नुसता." मी त्याला तिथल्या तिथे शंभराची नोट दिली. त्याला वाटलं म्हातारी खुळावली.

दोन्ही बाजूंची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पाकीट माझ्या माहेरच्या दुकानाचं. "पायगोंडा शेटे, गुळाचे व्यापारी, कराड" हा रबरी ठसा मी डोळे मिटूनही ओळखीन. पत्ता माझ्या सासऱ्यांचा. तिकिटाशेजारी आणखी एक जादा तिकीट, म्हणजे लेट फी भरून थेट गाडीतल्या टपालाच्या डब्यात दिलेलं. आणि त्यावर गोल शिक्का: आरएमएस, म्हणजे रेल्वेचं टपालखातं, खाली आऊट, म्हणजे जाती फेरी, तारीख १४ मार्च ७५. सेटचा, म्हणजे डब्यातल्या तुकडीचा, आकडा मात्र शाईत बुडालाय. मागं सांगलीचा शिक्का १५ तारखेचा, महिना फिकट आहे, पण मार्चच असणार. माझ्या साखरपुड्याच्या सहा दिवस आधीचं हे पाकीट, बघा योगायोग!

आत काय आहे म्हणाल, तर असेल मानपानाचं काहीतरी, पाहुणे किती, गाड्या किती. ते कोण बघतंय! बंद पाकिटाची शान बंद असण्यात. ५ एप्रिलच्या प्रदर्शनात हे मधोमध लावणार आणि या वेळी रुपेरी पदक घेऊनच घरी येणार. पण त्यासाठी डबा कुठला, सेट कुठला, हे छातीठोकपणे लिहायला हवं. ते सांगू शकेल असा माणूस दोन जिल्ह्यांत एकच, चौतीस वर्षं त्याच डब्यात उभा राहून पत्रं लावलेला सॉर्टर, ज्यानं दोन वर्षांपूर्वी भर प्रदर्शनात माझ्या मांडणीतली चूक ओरडून दाखवली आणि वर माझ्याच डब्यातला लाडू खाल्ला.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून उलट टपाली लिहा. जीव टांगणीला लागलाय.

तुमची,
चंदनबाला मगदूम

ता. क. आमचे "हे" सोडून घरात सगळे नाचताहेत. पाकीट बघून हे उठले आणि गच्चीवर जाऊन बसले. माझ्या छंदाला रद्दी म्हणण्यात यांचं आयुष्य गेलं, आता पोटात दुखणारच.

*

मलकापूर, कराड
२० जानेवारी २०२५

चंदनबालाताईंस,

रामराम. पत्र पावलं. तब्येत बरी हाय. ऊस गेला. राहीबाईचा गुडघा दुखतोय.

पाकिटाचं बघितलं. ताई, खरं सांगू का, त्यात काय दम वाटत न्हाई. शिक्का लय फिसकटलाय. असं शिक्के शेकड्यानं व्हतं. सेट कुठला ते देवाला ठावं. आणि बंद पाकीट म्हंजे लोक शंका घेत्यात, कुणी नंतर चिकटवलं का काय म्हणून. माझं ऐकाल तर हे प्रदर्शनात लावू नका. त्यापेक्षा मी मागं दिलेली आठ पाकिटं हायेत ती लावा, ती सोन्यासारखी हायेत.

पाकीट फारच अडचण करत आसंल तर माझ्याकडं पाठवून द्या. मी ठेवतो.

थंडी हाय, जपा.

आपला,
नाथाजी डुबल

*

सांगली
२ फेब्रुवारी २०२५

नाथाजीराव,

आदरणीय बिदरणीय आज काही नाही.

"माझ्याकडं पाठवून द्या. मी ठेवतो." वा! मगदुमांची सून हळदीच्या पेठेत मुरलेली आहे. माल वाईट आहे म्हणायचं आणि वजनकाट्यावर हात ठेवायचा, हे मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात शिकले. तुम्हाला ते पाकीट स्वतःला हवंय! तीन दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते की ब्राह्मीनं, माझ्या नातीनं, विचारलं, "आज्जी, हे नाथाजी आजोबा मेले का?"

मग चौथ्या दिवशी चहा पिता पिता मला आठवलं. तुम्ही दिलेली आठ पाकिटं! काढली बाहेर. भिंग घेतलं, दिवा घेतला, यांच्या पाठीखालची उशी घेतली आणि बसले.

नाथाजीराव, शिक्क्याच्या गोलाला डाव्या बाजूला खाली, घड्याळात सात वाजतात त्या जागी, बारीकशी खाच आहे. धातूचा कपचा उडाल्यासारखी. माझ्या बंद पाकिटावर आहे. आणि तुमच्या आठांपैकी सहांवर तीच खाच, त्याच जागी. त्या सहांच्या मागं तुम्ही स्वतः पेन्सिलीनं लिहून दिलंय: "सेट २, माझी ड्यूटी."

ओळखला! मी ओळखला! एकटीनं! खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. शिक्का तुमचाच, डबा तुमचाच, आणि वर मला म्हणता देवाला ठावं!

पण त्या नादात मागच्या शिक्क्यावरही भिंग फिरवलं, आणि आता डोकं चालेना. महिना मार्च नाही. एप्रिल आहे. १५ एप्रिल. कराडला गाडीत दिलेलं पाकीट दोन तासांत सांगलीला उतरायला हवं. याला बत्तीस दिवस लागले? एवढ्या दिवसांत बैलगाडीनं काशीला जाऊन येतील. वरच्या कोपऱ्यात एक जांभळा तिरका ठसाही आहे, मी तो डाग समजत होते. तो 'मिस-सेंट' असा वाचता येतो. म्हणजे चुकीच्या गावी गेलेलं.

हे कसं झालं? तुम्ही तर सांगता की तुमच्या हातून चौतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या थैलीत गेलं नाही. निरोपाच्या समारंभात साहेबांनी तसं भाषण केलं म्हणून.

खरं काय ते लिहा. रागावणार नाही. म्हणजे, बहुतेक नाही.

चंदनबाला

*

मलकापूर, कराड
११ फेब्रुवारी २०२५

ताई,

दोन दिवस जेवण गेलं न्हाई. राहीबाई म्हणली, त्या बाईला खरं सांगून टाका आणि भाकरी खावा.

तर ऐका. पाकीट बघितल्या बघितल्या मी वळाकलं व्हतं. शिक्क्याची खाच माझीच. ताकारीला गाडीनं गचका दिला तवा शिक्का हातातनं निसटून रुळावर पडला, तवाची. आणि ती तारीख! ती तारीख मी मेल्यावर बी विसरणार न्हाई.

गाडी कराडात उभी हुती. आमची तिघांची घाई चाललेली. खिडकीतनं लेट फीची पत्रं येत व्हती. एक जाडसं गृहस्थ धोतराचा सोगा धरून पळत आलं, धापा टाकत पाकीट दिलं आन् म्हणलं, "सांगली! आजच पोचाया पायजे!" मी शिक्का हाणला. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ प्लॅटफारमवरनं बोंबलत आला, "दादा, पोरगी झाली! पोरगी!" आणि खिडकीतनं त्यानं पेढ्यांचा पुडाच आत फेकला. ताई, आमच्या घरात तीन पिढ्या पोरगी नव्हती. माझं डोकंच ठिकाणावर राह्यलं न्हाई. एका हातात पेढा, एका हातात तुमचं पाकीट. कप्पे समोर हुते. सांगलीच्या कप्प्याखाली विजापूरचा कप्पा. मी नाचत हुतो, ताई. चालत्या डब्यात नाचत हुतो. पाकीट विजापुरात गेलं.

चार दिवसांनी हात कुठल्या कप्प्यात गेला ते आठवलं तवा घाम फुटला. पण कुणी तक्रार केली न्हाई, कुणी विचारलं न्हाई. मी बी कुणाला सांगितलं न्हाई. साहेब भाषण करत व्हते तवा मान खाली घातली, लोकांना वाटलं नम्रपणा हाय. ती पोरगी म्हंजे आमची क्रांती, आता पन्नाशीला टेकली.

मी ते पाकीट तुमच्याकडनं मागितलं ते लपवायला. चुकलो. प्रदर्शनात माझं नाव लिवा, लिवू नका, तुमची मर्जी.

पण आता एक विचारतो. तुमी शिक्का बघितला, खाच बघितली, तिकीट बघितलं. लेट फीचा अर्थ बघितला का? आमच्या डब्यात कुणी मानपानाचं पत्र घिऊन पळत येत नव्हतं. जादाचं पैसं भरून माणूस पळायचा ते कुणी आजारी आसलं तर, न्हाईतर काहीतरी थांबवायचं आसलं तर. तुमचं वडील पळत आलं व्हतं. साखरपुडा सहा दिवसांवर हुता म्हणता. आणि ते पत्र साखरपुड्याआधी पोचलंच न्हाई.

आत काय हाय?

आपला,
नाथाजी

*

सांगली
१९ फेब्रुवारी २०२५

नाथाजीराव,

अहो, काय हे लिहून बसलात!

तुमची चूक माफ. मुलगी झाली म्हणून चालत्या गाडीत नाचणारा बाप मला आवडला. ती गोष्ट मी ब्राह्मीला सांगितली तर तिनं लगेच डब्याचं चित्र काढलं, तुम्हाला त्यात मिशा जरा जास्त आल्या आहेत. पण शेवटच्या चार ओळींनी माझी झोप उडवली.

धोतराचा सोगा धरून पळणारे ते माझे अप्पाच. ते देवळात जाताना सुद्धा कधी घाई करत नसत. ते पळाले? आणि "आजच पोचाया पायजे"?

पन्नास वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय की अप्पांनी माझ्यासाठी अकरा स्थळं नाकारली आणि हे बारावं बघताक्षणी पसंत केलं. सुनेला सांगितलं, नातीला सांगितलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितलं. आणि आता वाटतं, बारावंही नाकारलं असेल तर? नकाराचं पत्र पळत जाऊन गाडीत दिलं, ते विजापूरला गेलं, इकडची मंडळी नारळ घेऊन दारात उभी राहिली, आणि भिडस्त माणूस, तोंडावर नाही म्हणता आलं नाही म्हणून मला देऊन टाकलं? १४ मेला आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. भरतेशनं हॉल घेतलाय. मी तिथं काय म्हणून उभी राहू? विजापूरमार्गे आलेली?

यांना विचारलं. म्हटलं, "पाकीट फोडू का हो?" यांचा चेहरा हळदीच्या पोत्यासारखा पिवळा. म्हणाले, "खुळी का काय! बंद पाकिटाची किंमत जाईल, पदक जाईल." नाथाजीराव, हा माणूस! याला माझं पदक आणि दुधाच्या बाटलीचं झाकण यातला फरक माहीत नाही. आणि आज याला पाकिटाची किंमत? काल पहाटे उठून बघते तर कपाटापुढे उभे. म्हटलं काय शोधताय, तर म्हणे रुमाल. रुमाल खांद्यावर होता!

काहीतरी आहे. यांना माहीत आहे, मला माहीत नाही.

फोडलं तर पदक जातं आणि कदाचित बरंच काही जातं. नाही फोडलं तर मी वेडी होते. दिवसातून दहा वेळा काढते, उजेडात धरते, परत ठेवते. तुम्ही टपालखात्याची माणसं. सांगा, काय करू?

चंदनबाला

*

सांगली
२१ फेब्रुवारी २०२५

श्री. नाथाजीराव डुबल यांसी,

जय जिनेंद्र. आपली वळख न्हाई. मी चंदनबालाचा नवरा भूपाल. तुमचा पत्ता तिच्या वहीतनं चोरला. हे पत्र ती देवळात गेली तवा लिवतोय, तेव्हा आटपतं घेतो.

आवं, तिला ते पाकीट फोडू देऊ नका. तुमचं ती ऐकती. माझं पन्नास वर्षांत ऐकलेलं न्हाई.

ते पाकीट त्या फळीखाली मीच घातलंय. पंधरा एप्रिलला पोस्टमन दुकानात आला, वडील आडतीवर गेलेले. सासऱ्यांचा ठसा बघितला, कराडची तारीख बघितली आणि पाकीट गपकन सदऱ्याखाली दडवलं. कारण आत काय हाय ते मला न फोडता ठावं हुतं.

मार्चात मी मिरज स्टेशनवर गाडीची वाट बघत उभा. दिवस मावळलेला. आमच्यात दिवस मावळल्यावर तोंडात घास घालायचा न्हाई, आणि कांदा तर वडिलांच्या पुढं नाव बी काढायची चोरी. आणि माझ्या हातात कांदाभजी. गरम. वर मान केली तर समोर चंदनबालाचा मामा! त्यानं माझ्याकडं बघितलं, भज्याकडं बघितलं, आणि निघून गेला. दोन दिवसांनी ह्या पत्राची तारीख. सांगा, दुसरं काय आसंल आत?

तवा लग्नाला महिना हुता. मी तिला साखरपुड्यात बघितलेली, निळ्या लुगड्यात. ती गेली आसती तर मी जगलो नसतो, नाथाजीराव. म्हणून पत्र लपवलं. बापाच्या नावचं पत्र जाळायला हात धजंना, आणि फोडायला तर त्याहून न्हाई. उद्या बघू, उद्या बघू करत पन्नास वर्षं गेली.

त्या दिवसापासनं कांदा सोडला. घरात येऊ दिला न्हाई. दिवस मावळायच्या आत अर्धा तास माझं ताट उचललेलं आसतंय. सगळी भावकी मला लय कडक माणूस समजती. तिला तर माझा केवढा अभिमान! आता ह्या वयात तिला कळायचं का, की तिच्या बापानं मला एका प्लेट भज्यापायी नाकारला हुता?

तुमच्या पाया पडतो. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर.

आपला,
भूपाल मगदूम

*

मलकापूर, कराड
१ मार्च २०२५

भूपालराव,

रामराम. पत्र वाचून राहीबाई हसून हसून खाली बसली, गुडघा विसरली. माफ करा.

पण मी ताईंना थांबवणार न्हाई. आमच्या खात्याचा एकच धर्म: पत्र ज्याच्या नावाचं, त्याला मिळालं पायजे. मी ते एकदा चुकवलं, पेढ्याच्या नादात. तुमी ते दुसऱ्यांदा चुकवलं, भज्याच्या नादात. आता बास.

ताईंची झोप उडालीया, भूपालराव. भजी खाल्ली म्हणून कुणी पन्नास वर्षांच्या नवऱ्याला टाकत न्हाई. पण बापाला आपलं लग्न नको हुतं का, ह्या विचारानं बाई वाळायची. तुमी खरं सांगा आणि दोघांनी मिळून फोडा. पाकीट तुमच्या वडलांच्या नावचं, म्हंजे आता तुमच्या नावचं. फोडायचा हक्क तुमचा.

जे निघंल त्यात निम्मा दोष माझा. हवं तर येतो सांगलीला, शिव्या खायला.

नाथाजी डुबल

*

सांगली
९ मार्च २०२५

प्रिय नाथाजीराव,

आधी हे सांगा, दुकानाच्या पत्त्यावर पत्र पाठवून ते माझ्या हाती लागणार नाही असं तुम्हा दोघा शहाण्यांना वाटलंच कसं? मगदुमांच्या घरी वा दुकानी येणारं प्रत्येक पाकीट आधी माझ्या भिंगाखालून जातं, भरतेश तसंच आणून देतो. यांच्या नावचं पाकीट, शिक्का मलकापूरचा! मी काही दुसऱ्याचं पत्र फोडत नाही. घेऊन गेले, यांच्या पुढ्यात ठेवलं, समोर पाट मांडून बसले आणि म्हटलं, "फोडा."

यांनी फोडलं, वाचलं. मग सगळं सांगितलं. स्टेशन, मामा, भजी, फळी. मी ऐकत होते. मला राग यायला हवा होता. पण मी एकच विचारलं, "निळं लुगडं तुम्हाला आठवतं?" हे म्हणाले, "काठ जांभळा." नाथाजीराव, मला वाटलं आता पाकिटात काहीही निघो.

मीच जाऊन ते आणलं. आमच्या देव्हाऱ्यासमोर बसलो. पाकीट मी धरलं आणि सुरी यांनी चालवली. पदकाचं म्हणाल तर मला त्या वेळी त्याची आठवणही झाली नाही. अप्पांचं अक्षर. मी मोठ्यानं वाचायला लागले. जसंच्या तसं उतरून देते:

"कराड, ता. १४ मार्च १९७५. श्री. आण्णाप्पा मगदूम यांस पायगोंडा शेटे यांचा सप्रेम जय जिनेंद्र, विनंती विशेष. आमचे मेव्हणे परवा मिरज स्टेशनवर होते. आपले चि. भूपाल दिवस मावळल्यावर कांदाभजी खात असलेले त्यांनी पाहिले. एक नव्हे, दोन प्लेटी. सोयरीक मोडावी म्हणून त्यांनी हे मला सांगितले. मला मात्र ऐकून फार हायसे वाटले. कारण आमची चंदन दर शनिवारी कॉलेजातून येताना मैत्रिणीच्या घरी कांदाभजी खाते व वेलदोडा चघळत घरी येते. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नाही. मुलीचे हे आपणांपासून लपवून साखरपुडा करणे मनाला पटेना, म्हणून गाडी गाठून हे पत्र देत आहे. आता उभयतांचे एकमेकांशी जमेल असे वाटते. धर्माचे म्हणाल तर वय झाले की सुटेल. आपणांस मंजूर नसल्यास साखरपुड्यास येऊ नये, राग मानणार नाही. आलात तर मंजूर आहे असे समजेन व हा विषय पुन्हा काढणार नाही. मात्र माझ्या मुलीला आपल्या घरी काही चोरून खावे लागू नये, एवढीच विनंती आहे."

हे माझ्याकडे बघताहेत. मी यांच्याकडे बघतेय.

"दर शनिवारी?" हे म्हणाले.

"दोन प्लेटी?" मी म्हणाले.

आणि मग आम्हाला जे हसू फुटलं! हे पोट धरून आडवे, मी डोळे पुसतेय, भरतेश जिन्यावरून धावत आला, त्याला वाटलं बाबांना झटका आला. मी पत्रच त्याच्या हातात दिलं. मग तोही जमिनीवर!

अहो, लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात यांनी मला गंभीर चेहरा करून सांगितलं होतं, "आपल्या घरात कांदा चालत नाही." मी मनात म्हटलं, बाई गं, केवढा धार्मिक नवरा मिळाला, आपली थेरं आता विसरायची. यांच्यासाठी मी सोडला. माझ्यामुळे यांनी सोडला. दोघं एकमेकांना घाबरून पन्नास वर्षं सोवळ्यात! आणि अप्पा बिचारे यायचे, जेवायला बसायचे आणि हळूच विचारायचे, "चंदन, सगळं मनासारखं खातेस ना?" मला वाटायचं प्रकृतीची चौकशी करताहेत. ते गेले तेव्हाही त्यांना वाटत होतं की मगदुमांना सगळं सांगून, सगळं मंजूर करून घेऊन मुलगी दिलीय. माझा बाप माझ्यासाठी धोतर सावरत पळाला होता, नाथाजीराव. हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. मी खूप रडले. चांगलं रडणं होतं ते.

प्रदर्शनात पाकीट लावणार, फोडलेलं, शेजारी पत्र. बंद पाकिटाचा गट सोडला. खाली तुमचं नाव लिहिलंय: "चुकीच्या थैलीत टाकणारे सॉर्टर श्री. नाथाजी डुबल, कन्या झाल्याच्या आनंदात." ५ तारखेला क्रांतीला घेऊन याच. आमच्या पन्नास वर्षांच्या भज्यांचा हिशेब तुमच्याकडून मागायचाय.

आणि काल काय झालं सांगू का? सूनबाईनं कांदे आणले. या घरातले पहिले! यांनी चिरले, मी पीठ कालवलं. सूर्य मावळायला सहा चाळीस होणार, हे पंचांग उघडून आणि घड्याळ समोर ठेवून बसलेले, तेवढा नेम मात्र यांनी मोडला नाही आणि मलाही मोडायचा नव्हता. सहा पस्तीसला ताटात एकच भजं उरलं. मी म्हटलं माझं, दर शनिवारची सवय आहे. हे म्हणाले माझं, दोन प्लेटींचा माणूस आहे मी. मी यांचा हात धरला, यांनी माझा धरला. पन्नास वर्षांत आमचं कधी भांडण झालं नव्हतं, सगळ्या पेठेत आमचं उदाहरण द्यायचे. काल आम्ही असे कडाकडा भांडलो की शेजारच्या रंगुबाई खिडकीत आल्या.

तेवढ्यात सहा चाळीस झाले. भजं ताटातच राहिलं. आता आज दुपारी परत करणार आहोत, जास्त.

तुमची,
चंदनबाला